चित्रपटांच्या डिस्कचा बॅकअप आणि चित्राचा दर्जा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

कपाटातील ५८ डीव्हीडी आणि ९ ब्लू-रे डिस्क यांची प्रत ५०० जीबीच्या एका हार्ड डिस्कवर घ्यायची आहे. सर्व डिस्क जशाच्या तशा उतरवल्या तर डीव्हीडींना सुमारे ४०० जीबी आणि ब्लू-रेंना सुमारे ३४० जीबी जागा लागेल, म्हणजे काही ना काही आवळावे लागणार हे उघड आहे. अट एकच घातली आहे: मोठ्या पडद्यावर मूळ आणि प्रत आलटूनपालटून लावल्यास, नेहमीच्या अंतरावर बसलेल्या माणसाला कोणती कोणती हे ओळखता येऊ नये. काही डिस्कवर कॉपी रोखणारे कुलूप असते आणि ते काढण्याबाबतचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. तो या नोंदींचा विषय नाही. स्वतःच्या मालकीच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत, एवढीच या कामाची मर्यादा आहे.

प्रत्येक डिस्कला क्रमांक दिला असून पुढील नोंदींत तोच वापरला आहे.

७ जानेवारी २०२५

आवळण्याआधी वाचन. आज बारा डिस्क वाचल्या. अकरा विनातक्रार उतरल्या, पण क्रमांक ३१ वर ड्राइव्ह घरघरू लागला. ही डिस्क साध्या पद्धतीने कॉपी करणे थांबवून डीडीरेस्क्यूने वाचली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग घेतो, अडलेली जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून पुढे जातो आणि नंतर त्याच जागांवर पुन्हा पुन्हा येतो. तासाभराने ४२ सेक्टर शिल्लक राहिले. डीव्हीडीचा एक सेक्टर २,०४८ बाइटचा असतो, म्हणजे नुकसान ८६,०१६ बाइटचे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण डीव्हीडीवरील चित्र सुटे सुटे साठवलेले नसते. बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमच्या आधाराने उभ्या असतात आणि मधला एक दुवा तुटला की पुढची पूर्ण, म्हणजे कुणाच्याही आधाराशिवाय साठवलेली, फ्रेम येईपर्यंत चूक पसरत जाते. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या पद्धतीत हे अंतर बहुधा १२ ते १५ फ्रेमचे, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाचे असते.

डिस्क मऊ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसल्यास चरा ट्रॅकच्याच दिशेने पडतो आणि सलग बराच मजकूर एकदम झाकला जातो. आडव्या चऱ्याला डिस्कवरील त्रुटी-दुरुस्तीची व्यवस्था पुष्कळ अंशी पुरून उरते. नकाशा-फाइल जपून ठेवली आहे, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर केवळ उरलेले ४२ सेक्टर मागता येतील.

११ जानेवारी २०२५

सुरुवात जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या मार्गाने केली: दोन थरांची डिस्क एका थराच्या डिस्कमध्ये बसवणे. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ अब्ज बाइट मावतात, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज. क्रमांक १७ चा चित्रपट १४२ मिनिटांचा आहे आणि डिस्कवर ७.६ जीबी जागा घेतो. हिशेब असा: ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. त्यास ८,५२० सेकंदांनी भागले की सेकंदाला ४.४१ मेगाबिट मिळतात. त्यातून ध्वनीचे ४४८ किलोबिट आणि फाइलच्या बांधणीचा थोडा खर्च वजा केला की चित्राच्या वाट्याला जेमतेम ३.९ मेगाबिट राहतात. डीव्हीडीच्या चित्राला नियमाने ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. या डिस्कची चित्राची सरासरी ६.६ च्या आसपास आहे.

या चित्रपटात पहाटेच्या धुक्यातून एक होडी पुढे येते असे एक दृश्य आहे. जवळजवळ चाळीस सेकंद कॅमेरा हलत नाही. पडद्यावर फक्त करडे धुके, त्यात हळूहळू गडद होत जाणारा होडीचा आकार आणि तळाशी पाण्यावरची किंचित थरथर. आवळणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने हे अत्यंत स्वस्त दृश्य आहे, कारण त्याला त्यात काहीच दिसत नाही. डोळ्याला मात्र त्यात सगळे दिसते. यापुढे हेच दृश्य कसोटीचा दगड म्हणून वापरणार आहे.

पहिला प्रयत्न जलद पद्धतीने केला. या पद्धतीत चित्र पूर्ण उलगडून नव्याने रचले जात नाही. हालचालीची मूळ माहिती तशीच ठेवून केवळ ८ × ८ बिंदूंच्या ठोकळ्यांतील गुणांक (चित्राचा तपशील सांगणारे आकडे) अधिक जाडेभरडे केले जातात, म्हणून काम वीस मिनिटांत होते. निकाल पाहिला आणि खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेलो. धुके श्वास घेत होते. दर अर्ध्या सेकंदाला ते किंचित फुगायचे, स्वच्छ व्हायचे आणि पुन्हा गढूळ होत जायचे. कारण विचाराअंती लक्षात आले: गुणांक जाड केल्यामुळे आलेली चूक एका फ्रेममधून तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या फ्रेममध्ये जाते, तिथे तिच्यात भर पडते, आणि पुढील पूर्ण फ्रेम आली की सगळे एकदम शून्यावर येते. ही साठण्याची आणि पुसले जाण्याची लय म्हणजेच तो श्वास. धावपळीच्या दृश्यात हे कुणाच्या लक्षातही आले नसते.

१२ जानेवारी २०२५

तेच ३.९ मेगाबिट, पण या वेळी चित्र पूर्ण उलगडून दोन फेऱ्यांत पुन्हा एमपीईजी-२ या डीव्हीडीच्याच आवळण्याच्या पद्धतीत एन्कोड केले, म्हणजे नव्याने रचले. पहिल्या फेरीत प्रोग्राम कोणते दृश्य किती अवघड आहे याची नोंद घेतो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटतो. श्वास बराच मंदावला, मात्र होडीच्या कडेभोवती चौकोनी ठोकळे दिसू लागले. एमपीईजी-२ मध्ये ठोकळ्यांच्या सीमा गुळगुळीत करणारा गाळक एन्कोडिंगच्या चक्रात नाही; तो एच.२६४ या नंतरच्या पद्धतीत २००३ साली आला. डिस्कवर परत लिहायचे नसताना १९९६ च्या आराखड्यात अडकून राहण्यात अर्थ नाही. ठरावीक आकाराचा आग्रहही आजपासून सोडला.

१८ जानेवारी २०२५

आकार ठरवून दर्जा नशिबावर सोडण्याऐवजी दर्जा ठरवून आकार नशिबावर सोडायचा, हा बदल या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल. एच.२६४ पद्धतीने आवळणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्राममध्ये त्यासाठी सीआरएफ नावाची मोजपट्टी आहे. आठ बिटच्या (प्रत्येक बिंदूचा उजेड आठ बिटांत मांडणाऱ्या) चित्रासाठी ती ० ते ५१ पर्यंत जाते, काही न सांगितल्यास घेतला जाणारा मूळ आकडा २३ असतो, आकडा जितका लहान तितके चित्र मुळाच्या जवळ, आणि साधारण ६ ने आकडा उतरवला की फाइल दुप्पट होते. एक गैरसमज इथेच नोंदवून ठेवतो: सीआरएफ म्हणजे टक्के नव्हेत, आणि तो आकडा दोन वेगळ्या प्रोग्रामांत किंवा एकाच प्रोग्रामच्या दोन वेगळ्या वेगांत सारखा अर्थ सांगत नाही. एचईव्हीसी या पुढच्या पद्धतीच्या एक्स२६५ प्रोग्रामचा मूळ आकडा २८ आहे. त्याचा २८ आणि एक्स२६४ चा २८ यांची तुलना करणे म्हणजे इंच आणि सेंटिमीटर यांतील आकडे शेजारी मांडण्यासारखे आहे.

कसोटीसाठी तीन तुकडे कापले: धुक्यातील होडी, क्रमांक ४ मधील गर्दीतून धावणारा मुलगा, आणि क्रमांक २२ मधील एकच कंदील असलेली अंधारी खोली. प्रत्येक तुकडा २३, २०, १८, १७ आणि १६ या आकड्यांवर, मंद वेगाच्या सेटिंगने एन्कोड केला. गर्दीचा तुकडा २० वरच मुळाशी जुळला, कारण धावत्या चित्रातील उणीव डोळा माफ करतो. होडीला १७ लागले. कंदिलाची खोली १६ वरही समाधानकारक नाही. भिंतीवरील उजेड जिथे ओसरतो तिथे पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. ते प्रकरण वेगळे हाताळावे लागेल.

१९ जानेवारी २०२५

पाहण्याची पद्धत ठरवली. स्थिर फ्रेम मोठी करून पाहिल्यास आपण स्वतःला फसवतो. हलताना कधीच न जाणवणारा फरक तिथे डोंगराएवढा दिसतो आणि धुक्याच्या श्वासासारखा काळात पसरलेला दोष मात्र अजिबात दिसत नाही. त्यामुळे आधी चालू चित्र, नंतर शंका आलेल्या जागीच स्थिर फ्रेम. दोन्ही फाइलींची नावे झाकून, कोणती आधी लागेल हे संगणकावर सोपवून पाहायचे. फ्रेम निवडताना दोन्हीकडे फ्रेमचा प्रकार तपासायचा, कारण मुळाची पूर्ण फ्रेम आणि प्रतीची दोन्ही बाजूंच्या आधाराने रचलेली फ्रेम यांची तुलना अन्यायाची ठरते.

२५ जानेवारी २०२५

आज आठवड्याचे काम वाया गेले आणि चूक सर्वस्वी माझी होती.

मागील पाच रात्री अकरा डिस्क एन्कोडिंगला लावल्या होत्या. फाइलची माहिती सांगणारा प्रोग्राम प्रत्येक डिस्कपुढे ‘इंटरलेस्ड’ असे दाखवत होता, म्हणून सर्वांवर डिइंटरलेसिंगचा (विणलेल्या ओळी सोडवण्याचा) गाळक सरसकट चालू ठेवला. आज क्रमांक ९ ची श्रेयनामावली पाहताना देवनागरी अक्षरांची शिरोरेषा वर सरकत असताना लुकलुकत असल्याचे दिसले. एका क्षणी ती जाड, पुढच्या क्षणी बारीक, मधेच तुटक. मूळ डिस्कवर तीच रेषा शांतपणे वर जाते.

झाले असे की, इंटरलेस्ड चित्रात एका फ्रेममध्ये दोन फील्ड विणलेली असतात, एक सम ओळींचे आणि एक विषम ओळींचे, आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात ती दोन्ही १/५० सेकंदाच्या अंतराने घेतलेली असतात. त्यामुळे ती एकत्र दाखवली की हलणाऱ्या कडेवर कंगव्याचे दात उमटतात आणि डिइंटरलेसिंगची गरज पडते. चित्रपट मात्र फिल्मवर एका क्षणी एक पूर्ण फ्रेम असाच टिपलेला असतो. डिस्कवर तो इंटरलेस्ड अशी खूण लावून साठवला असला तरी दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात आणि जोडल्यावर अखंड चित्र मिळते. तिथे गाळक लावला की तो चांगल्या ओळींपैकी निम्म्या टाकून त्या जागी अंदाजाने नव्या भरतो. मुळात उभ्या दिशेला ५७६ ओळी असताना त्यांतील २८८ स्वतःहून फेकून देणे हा बिटरेटने (सेकंदाला दिलेल्या बिटांनी) कधीच भरून न निघणारा तोटा आहे. अत्यंत उदार सीआरएफ ठेवून मी एका बिघडवलेल्या चित्राची निष्ठेने प्रत काढत होतो.

यापुढील नियम: खुणेवर विश्वास नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्राममधील आयडेट हा गाळक प्रत्येक फ्रेमची ओळींतील रचना प्रत्यक्ष तपासून किती फ्रेम अखंड आणि किती विणलेल्या याची मोजणी देतो. ती मोजणी प्रत्येक डिस्कच्या मधल्या दहा मिनिटांवर करायची, आणि शिवाय कॅमेरा आडवा फिरत असलेले एखादे दृश्य एकेक फ्रेम पुढे सरकवून डोळ्यांनी पाहायचे.

अकराही फाइली पुसल्या. मूळ प्रती डिस्कवरून उतरवून बाजूला ठेवलेल्या होत्या, म्हणून नुकसान केवळ वेळेचे झाले.

२६ जानेवारी २०२५

सर्व ५८ डीव्हीडींची तपासणी पूर्ण. ४६ अखंड फ्रेमच्या आहेत. त्यांना डिइंटरलेसिंग नको. तीन डिस्कमध्ये दोन्ही फील्ड अखंड असूनही एका फील्डाने पुढे-मागे जोडली गेली आहेत. तिथे गाळण्याऐवजी योग्य जोडी पुन्हा जुळवली की मूळ फ्रेम कोणत्याही नुकसानाशिवाय परत मिळते. चार डिस्क ४८० ओळींच्या पद्धतीच्या असून त्यांत २४ फ्रेमचे चित्र फील्ड पुन्हा पुन्हा वापरून ३० फ्रेमवर ताणले आहे. ते उलट क्रमाने सोडवून २३.९७६ वर आणले. उरलेल्या पाच डिस्क, नाट्यप्रयोग आणि मैफिलींच्या, खऱ्या अर्थाने इंटरलेस्ड आहेत. त्यांना २५ ऐवजी ५० फ्रेमवर उलगडले, कारण प्रत्येक फील्ड हा हालचालीचा एक स्वतंत्र क्षण आहे आणि २५ वर आणल्यास त्यांतील निम्मे क्षण हरवतात. तबलजींच्या बोटांवर हा फरक स्पष्ट दिसला: ५० वर बोटे वेगवेगळी, २५ वर नुसता धुरकट पंजा.

१ फेब्रुवारी २०२५

काळ्या पट्ट्या कापणे, चित्राचे प्रमाण आणि रंग यांचा विचार एकत्रच केला, कारण तिन्हींतील चुका एन्कोडिंगच्या आधीच होतात.

पट्ट्या कापताना आकडे सम ठेवले आहेत. रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या निम्म्या रुंदी-उंचीत साठवलेली असल्याने विषम आकड्यावर कापल्यास रंग अर्ध्या बिंदूने सरकतो. कडेची काळी-पांढरी मळकट ओळ चित्रात ठेवण्यापेक्षा एक-दोन ओळी जास्त कापणे बरे, कारण ती तीक्ष्ण सीमा टिकवण्यात एन्कोडर विनाकारण बिट घालवतो. एक अनपेक्षित अडचण मात्र आली: डीव्हीडीवरील उपशीर्षके मजकूर नसून चित्रे असतात आणि क्रमांक १२ मध्ये ती खालच्या काळ्या पट्टीतच बसवलेली आहेत. पट्टी कापल्यावर काही प्लेअरमध्ये ती अर्धवट दिसेनाशी होतात. त्या डिस्कची पट्टी तशीच ठेवली. निव्वळ काळ्या भागाला बिट जवळपास लागतच नाहीत.

डीव्हीडीवरील बिंदू चौकोनी नसतात. ७२० × ५७६ हीच जाळी चार-तीन आणि सोळा-नऊ या दोन्ही आकारांसाठी ताणली जाते. चित्र ताणून १०२४ × ५७६ करण्याऐवजी मूळ बिंदू तसेच ठेवून फाइलमध्ये प्रमाणाची नोंद केली. मोठे करणे हे प्लेअरचे काम आहे. बॅकअपमध्ये ते केल्यास नवीन तपशील मिळत नाही, फक्त अंदाजाने भरलेले बिंदू साठवण्याचा खर्च वाढतो.

रंगाबाबत एवढेच की डीव्हीडीचे रंग बीटी.६०१ या मापाने आणि ब्लू-रेचे बीटी.७०९ ने मांडलेले असतात. फाइलमध्ये तशी खूण नसली तर प्लेअर चित्राच्या आकारावरून तर्क करतो, आणि तो चुकला की त्वचेचा रंग किंचित बदलतो. सर्व फाइलींना खूण घातली.

८ फेब्रुवारी २०२५

फिल्मचा दाणा हा या सगळ्या कामातील खरा वादाचा मुद्दा आहे. क्रमांक ३८ हा जुना कृष्णधवल चित्रपट असून त्याच्या प्रत्येक फ्रेमवर बारीक दाण्यांची सतत सळसळ आहे. दाणा एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जात नाही, दर वेळी तो नवा असतो. आणि एन्कोडिंगची सर्व बचत तर पुढची फ्रेम मागचीसारखी असते या गृहीतावर उभी आहे. त्यामुळे फाइल फुगते, आणि दाणा आधी पुसून टाकण्याचा मोह होतो.

मोह करून पाहिला. मध्यम गाळक लावल्यावर तोच तुकडा त्याच सीआरएफवर निम्म्याहून लहान झाला आणि पहिल्या नजरेला चित्र स्वच्छ वाटले. दुसऱ्या नजरेला म्हातारीच्या गालावरील सुरकुत्या गेल्या होत्या, तिच्या लुगड्याचे सूत एकसंध रंगासारखे झाले होते, आणि मान वळली की चेहरा मेणाचा असल्यासारखा हलत होता. गाळकाला दाणा आणि पोत यांतील फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी बारीक चढउतारच. साफसफाई हा वेगळा उद्योग आहे आणि त्याला माझा विरोध नाही, पण तो बॅकअपवरून काढलेल्या वेगळ्या प्रतीवर करावा. बॅकअप हीच ज्याची शेवटची प्रत ठरू शकते त्याने तिथे हात आखडावा.

मग एक्स२६४ च्या दोन तयार जुळण्या (सेटिंगचे संच) ताडून पाहिल्या. ‘फिल्म’ ही जुळणी ठोकळ्यांच्या सीमा गुळगुळीत करणाऱ्या गाळकाचा जोर थोडा कमी करते. ‘ग्रेन’ ही तो अधिक कमी करते आणि शिवाय बारीक गुणांक शून्य करून टाकण्याची एन्कोडरची सवय आवरते. होडीच्या धुक्याला ‘फिल्म’ पुरते. क्रमांक ३८ ला ‘ग्रेन’ शिवाय इलाज नाही. नाहीतर दाणा पूर्ण फ्रेमवर उमटतो आणि मधल्या फ्रेमवर विरतो, म्हणजे तोच श्वास वेगळ्या रूपात परत येतो.

१५ फेब्रुवारी २०२५

आकड्यांनी मोजण्याचा प्रयत्न. पीएसएनआर हे माप बाजूला ठेवून एसएसआयएम आणि २०१६ साली खुला झालेला व्हीएमएएफ, ही प्रत मुळाच्या किती जवळ आहे हे सांगणारी मापे वापरली. दोन गोष्टी ध्यानात आल्या. सरासरी फसवी असते. संपूर्ण चित्रपटाचा आकडा उत्तम येतो आणि होडीची चाळीस सेकंदे त्यात बुडून जातात, म्हणून सर्वांत कमी गुणांच्या फ्रेमांची यादी काढून त्या पाहणे अधिक उपयोगी पडले. दुसरे असे की व्हीएमएएफचा मूळ नमुना मोठ्या, १०८० ओळींच्या पडद्यासाठी शिकवलेला आहे, त्यामुळे डीव्हीडीच्या चित्राला मिळालेले गुण एकमेकांशी ताडण्यापुरते घ्यावेत. आकडा कुठे पाहायचे ते सांगतो. पसंती डोळ्यांनीच द्यावी लागते.

२२ फेब्रुवारी २०२५

कंदिलाच्या खोलीचा निकाल लागला. डिस्कवरील चित्र आठ बिटचेच असले तरी त्यातील पट्टे दिसू न देणारी गोष्ट म्हणजे भिंतीवरील अतिशय मंद खळबळ. एन्कोडर ती निरुपयोगी समजून पुसतो आणि खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. तोच तुकडा दहा बिटमध्ये एन्कोड केला तर अंतर्गत गणित अधिक बारकाईने होते आणि तेवढ्याच आकारात उजेडाचा उतार पुष्कळ सलग राहतो. अडचण एवढीच की दहा बिटचे एच.२६४ कित्येक टीव्ही आणि प्लेअर उलगडू शकत नाहीत, उलट दहा बिटचे एचईव्हीसी बऱ्याच नव्या उपकरणांना जमते. म्हणून अंधाऱ्या दृश्यांचे सात चित्रपट एक्स२६५ ने दहा बिटमध्ये, बाकीचे एक्स२६४ ने आठ बिटमध्ये. एक्स२६५ चित्र थोडे जास्त गुळगुळीत करतो, तेव्हा दाणेदार चित्रपट त्याच्याकडे न देण्याचे ठरवले.

१ मार्च २०२५

ध्वनीला हात लावलेला नाही. ४४८ किलोबिटचा डॉल्बी प्रवाह १४२ मिनिटांत अर्धा जीबीही घेत नाही, आणि आधीच आवळलेला ध्वनी पुन्हा आवळून जे वाचते ते वाचवण्याजोगे नाही. मैफिलींच्या दोन डिस्कवर १,५३६ किलोबिटचा न आवळलेला ध्वनी होता. तो एफएलएसी या ध्वनी आवळण्याच्या पद्धतीत नेला, त्यात एकही बिट हरवत नाही.

८ मार्च २०२५

ब्लू-रेच्या नऊ डिस्क. दोन थरांच्या ब्लू-रेत ५० जीबी मावतात आणि चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते, त्यामुळे इथे कापायला वाव भरपूर आहे. सहा चित्रपट सीआरएफ १८ वर सरासरी १४ जीबीवर आले आणि फाइलींची नावे झाकून केलेल्या चाचणीत तीनही प्रेक्षकांना मूळ ओळखता आले नाही. तीन दाणेदार चित्रपटांत फाइल ३० जीबीच्या खाली उतरेना.

१५ मार्च २०२५

क्रमांक ३८ चे अंतिम एन्कोडिंग पूर्ण झाले. चित्रपट ११० मिनिटांचा, मूळ चित्र ६.१ मेगाबिट, म्हणजे सुमारे ५ जीबी. ‘ग्रेन’ जुळणी आणि सीआरएफ १६ वर मिळालेली फाइल ४.६ जीबी. अकरा तास संगणक चालवून ४०० एमबी वाचले, आणि त्या बदल्यात चित्र एका पिढीने मुळापासून दूर गेले.

ही फाइल पुसली. मूळ एमपीईजी-२ प्रवाह तसाच उचलून एमकेव्ही या प्रकारच्या फाइलीच्या डब्यात ठेवला. या कामाला तीन मिनिटे लागली. हाच नियम आता सर्वांना लावला आहे: एन्कोड केलेली फाइल मुळाच्या ७० टक्क्यांपेक्षा लहान होत नसेल तर मूळच ठेवायचे. ७० हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. तीस टक्क्यांहून कमी बचतीसाठी एवढी खटपट करावीशी वाटत नाही, इतकेच. या नियमाने ११ डीव्हीडी आणि वरील ३ ब्लू-रे मूळ रूपात राहतील.

२२ मार्च २०२५

एकूण हिशेब: एन्कोड केलेल्या ४७ डीव्हीडी ११३ जीबी, मूळ रूपातील ११ डीव्हीडी ६५ जीबी, सहा ब्लू-रे ८४ जीबी, उरलेल्या तीन ११४ जीबी. बेरीज ३७६ जीबी. प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा उलगडून त्रुटी तपासल्या, लांबी मूळ डिस्कशी ताडली आणि एसएचए-२५६ चे ठसे (फाइल जराही बदलली तर बदलणारे आकडे) वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवले. दुसरी हार्ड डिस्क आली की तिच्यावरही याच ठशांशी पडताळणी होईल.

क्रमांक १७ आज शेवटचा पाहिला. ३.६ जीबी, सीआरएफ १७, ‘फिल्म’ जुळणी. धुके स्थिर आहे आणि होडीची कडा शेवटच्या क्षणापर्यंत मऊ राहते.

क्रमांक ३१ अजून पूर्ण नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच नकाशा-फाइल देऊन वाचल्यावर ४२ पैकी ३६ सेक्टर निघाले, सहा उरले. सहा सेक्टर म्हणजे १२,२८८ बाइट, या डिस्कच्या बिटरेटने सेकंदाचा साठावा भाग. प्रत्यक्षात ९६ व्या मिनिटाला दाराची कडी उघडत असताना हात आणि कडी अर्धा सेकंद हिरवट ठोकळ्यांत विरघळतात. तिसरा ड्राइव्ह पुढील आठवड्यात मिळणार आहे. तोपर्यंत ही फाइल एन्कोड न करता मूळ रूपातच ठेवली असून नकाशा-फाइल तिच्या शेजारी आहे.